योद्ध्याला अंथरुणात आलेलं मरण

1982 साली मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेनं आपल्या एका सुपरहिरोला मारलं. कॅप्टन मार्व्हल हे त्याचं जगातलं नाव आणि मार-व्हेल हे त्याच्या ग्रहावरचं. त्याला कोणाची गोळी लागली नाही, राक्षसानं चिरडलं नाही, की जग वाचवताना तो स्फोटात सापडला नाही. त्याला कॅन्सर झाला. तो खंगत गेला, अंथरुणाला खिळला आणि मित्रांच्या गराड्यात गेला.

‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल’ हे मार्व्हलच्या ग्राफिक नॉव्हेल मालिकेतलं पहिलं पुस्तक. त्या वर्षी मार्व्हलचं साधं कॉमिक 60 सेंटला मिळायचं. मोठ्या आकाराच्या या पुस्तकाची किंमत होती 5 डॉलर 95 सेंट. शेवट नावातच सांगून टाकलेला. मुखपृष्ठावर मायकेल अँजेलोच्या ‘पिएता’ शिल्पाच्या धर्तीवर निपचित पडलेला मार-व्हेल आणि भोवती शोकाकुल महानायक. आत काय आहे याबद्दल लपवाछपवी नव्हती, धक्का नव्हता. तरीही चाळीस वर्षं उलटून गेल्यावर कॉमिक्सचे वाचक या पुस्तकाचं नाव घेताना आवाज खाली आणतात.

त्यानंतर कितीतरी महानायक मेले. काहींच्या मरणाची बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली, लाखो प्रती खपल्या. त्यांतले बहुतेक जण यथावकाश परत आले. मार-व्हेल फार लोकप्रिय कधीच नव्हता आणि तो कायमचा परतलाही नाही. वाचकांच्या मनात त्याचं मरण इतकं घर करून का राहिलं, याचं उत्तर शोधताना मी एका निष्कर्षाला आले आहे. आवडत्या नायकाचं मरण वाचक सोसतो, मात्र त्या मरणाचा केलेला व्यवहार त्याला सोसत नाही.

*

हे पुस्तक लिहिणारा आणि चित्रित करणारा जिम स्टार्लिन. जन्म 1949 चा, डेट्रॉईटचा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यानं अमेरिकी नौदलात छायाचित्रकाराची नोकरी केली आणि मग तो कॉमिक्सकडे वळला. सिनेमामुळे आज आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला थानोस त्यानंच 1973 साली निर्माण केला. त्याच वर्षी रडतखडत चाललेली कॅप्टन मार्व्हलची मालिका त्याच्या हाती आली. मार-व्हेल मुळात स्टॅन ली आणि जीन कोलन यांचा, 1967 मधला. तो क्री नावाच्या परग्रहावरच्या साम्राज्याचा सैनिक. पृथ्वीवर हेरगिरीला येतो आणि अखेर पृथ्वीच्याच बाजूनं उभा राहतो. स्वकीयांच्या लेखी गद्दार.

1974 साली स्टार्लिननं ही मालिका सोडली. त्याच्या शेवटच्या, 34 व्या अंकात नायट्रो नावाच्या खलनायकाशी झुंज होते आणि विषारी वायूची एक टाकी गळू लागते. मार-व्हेल ती स्वतः बंद करतो, वायू त्याच्या अंगात जातो आणि तो कोसळतो. पुढच्या अंकांमध्ये तो बरा झाला, नव्या लढाया लढू लागला. वाचक ती टाकी विसरूनही गेले असतील.

आठ वर्षांनी कंपनीला या पात्राची अखेर करायची होती आणि ते काम स्टार्लिनकडे आलं. नुकतेच त्याचे वडील कॅन्सरनं गेले होते. मार-व्हेलला कसं मारायचं याचे निरनिराळे बेत करून पाहिल्यावर त्याला ती गळकी टाकी आठवली. वडिलांच्या जाण्याला सामोरं जाण्याचा मार्ग आपल्याला या पुस्तकात सापडला, असं त्यानं पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. कॅन्सर झालेल्या घरांना ठाऊक असतं की निदान झाल्यावर माणसं मागे जाऊन कारण शोधत बसतात. तो कारखाना, ती बिडी, ते रसायन. स्टार्लिननं नेमकं तेच केलं. जुन्या अंकातला एक धावपळीचा दिवस त्यानं उकरून काढला आणि म्हणाला, हे तेव्हाच सुरू झालं होतं.

*

पुस्तक उघडतं तेव्हा मार-व्हेल आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो आहे. वाचकाच्या आधी त्याला स्वतःला कळून चुकलेलं असतं. मग तो शनीच्या टायटन या चंद्रावर राहणाऱ्या आपल्या सोबतिणीला, एलिसियसला, सांगतो. पृष्ठं अशीच पुढे सरकतात: कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, ऐकणारा काय म्हणेल.

सर्वांत कठीण जातं ते रिक जोन्सला सांगणं. रिक हा पृथ्वीवरचा साधा तरुण. एके काळी मनगटांवरची कडी एकमेकांवर आपटली की रिक नाहीसा व्हायचा आणि त्याच्या जागी मार-व्हेल प्रकटायचा, इतके दोघे एकमेकांना बांधलेले. बातमी ऐकून रिक रडत नाही, भडकतो. तू हार कशी मानतोस, असा त्याचा राग. तो पृथ्वीवरच्या महानायकांकडे धाव घेतो. त्यांच्यातले शास्त्रज्ञ कामाला लागतात. ज्यांनी काळात मागे-पुढे प्रवास केला, परग्रहांवरच्या फौजा परतवल्या, ते प्रयोगशाळेत रात्रंदिवस खपतात. तेव्हा त्यांच्यातच एक प्रश्न निघतो: इतकी बुद्धी आणि इतकी साधनं हाताशी असताना आपण आजवर या रोगाच्या मागे का लागलो नाही? महानायकांच्या जगाला त्याआधी असा प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. त्याला उत्तर मिळत नाही, औषधही सापडत नाही. मनगटांवरच्या ज्या कड्यांनी इतकी वर्षं रोग दाबून धरला, तीच आता उपचारांच्या आड येतात.

मग महानायक टायटनवर जमतात. ते प्रसंग वाचताना आपल्या ओळखीचं रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. अंगावर भडक पोशाख, दंडात डोंगर हलवण्याची ताकद आणि पलंगाशी उभं राहून काय बोलावं ते कोणालाच सुचत नाही. स्पायडरमॅनला ते बघवत नाही, तो खोलीबाहेर पडतो. ज्यांच्याविरुद्ध मार-व्हेल आयुष्यभर लढला त्या स्क्रल साम्राज्याचा सेनापती येतो आणि शूर शत्रू म्हणून त्याला पदक देतो. रिकही शेवटी परततो आणि माफी मागतो.

अखेरच्या गुंगीत मार-व्हेलला थानोस दिसतो. एव्हाना मरण पावलेला त्याचा कट्टर वैरी. सवयीनं मार-व्हेल त्याच्याशी झुंजतो. कॉमिक्सच्या वाचकाला वाटतं, आता तो जिंकणार आणि जागा होणार. पण झुंज थांबते. थानोस त्याला स्त्रीरूपातल्या साक्षात मृत्यूसमोर नेऊन उभा करतो आणि मार-व्हेल पुढे होऊन तिचं चुंबन घेतो. टायटनवरच्या खोलीत तो गेलेला असतो.

बारा वर्षांच्या वयात हे वाचणारा मुलगा रिक जोन्स असतो. एवढे सगळे शूर एकत्र आलेत, ते काहीतरी करतील, अशी त्याची खात्री असते आणि ते करत नाहीत म्हणून त्याला राग येतो. तोच वाचक चाळिशीत पुन्हा पुस्तक उघडतो तेव्हा बहुधा त्यानं आईच्या किंवा वडिलांच्या उशाशी रात्री काढलेल्या असतात. आता त्याला खोलीबाहेर पडणारा स्पायडरमॅन कळतो. नायकाचं वय वाढत नाही, वाचकाचं वाढतं. म्हणून चांगल्या कथेतलं मरण वाचकाबरोबर मोठं होत जातं. या पुस्तकाबद्दल बोलताना वाचक कथानकावरून स्वतःच्या घरच्या आजारपणावर येतात, त्याचं कारण इथं आहे.

*

मरणानं वाचक हादरतात हे अमेरिकी प्रकाशकांना दशकभर आधीच कळलं होतं. 1973 साली ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 121 व्या अंकात लेखक गेरी कॉन्वे यांनी पीटर पार्करची, म्हणजे स्पायडरमॅनची, प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला मारलं. ती महानायिका नव्हती, पण तिला वाचवणं हे महानायकाचंच काम होतं. पुलावरून पडणारी ग्वेन स्पायडरमॅननं जाळ्यानं झेलली आणि झेलताना बसलेल्या हिसक्यानंच तिची मान मोडली. चित्रात मानेशेजारी एक छोटा ध्वनिशब्द होता. वाचक संतापले, पत्रांचा पाऊस पडला आणि नक्की कशानं मेली याचा खुलासा पुढे संपादकीय उत्तरातून करावा लागला. रोष इतका की काही काळानं हुबेहूब ग्वेनसारखी प्रतिकृती कथेत आणली गेली. पण तिनं जखम भरली नाही. मान मोडण्याचा तो आवाज वाचकांनी ऐकला होता.

त्यानंतर पंधरा वर्षांनी वाचकांनाच विचारायचं ठरलं. या वेळी लेखक पुन्हा जिम स्टार्लिन होता, फक्त कंपनी दुसरी.

बॅटमनचा साथीदार रॉबिन म्हणजे एकच मुलगा नव्हे. पहिला रॉबिन मोठा होऊन 1984 साली नाइटविंग झाला. त्याच्या जागी आलेल्या जेसन टॉडला 1987 मध्ये नवा भूतकाळ दिला गेला: बॅटमनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला रस्त्यावरचा अनाथ पोरगा. तो चिडका, हट्टी, ऐकून न घेणारा होता. अनेक वाचकांना तो आवडला नाही. स्टार्लिनलाही मुळात रॉबिन ही कल्पनाच पटत नव्हती. रात्री गुंडांशी लढायला एखादा मोठा माणूस भडक कपड्यांतलं पोर बरोबर नेईल का, असा त्याचा प्रश्न होता.

संपादक डेनिस ओ’नील यांना एक युक्ती सुचली. टीव्हीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात एका खेकडावर्गीय प्राण्याला, लॉबस्टरला, शिजवायचं की सोडायचं यावर फोनवरून मतं मागवली होती, ती त्यांच्या डोक्यात होती. ‘बॅटमन’च्या 427 व्या अंकात जोकर जेसनला पहारीनं मारतो, मग बॉम्बस्फोट होतो. अंकासोबत दोन फोन नंबर छापले होते. एक जेसन जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. एका फोनला 50 सेंट, मुदत 15 आणि 16 सप्टेंबर 1988. दोन्ही शेवटांची चित्रं जिम अपारोनं तयार ठेवली होती. मरावा म्हणून 5,343 मतं पडली, जगावा म्हणून 5,271. फरक 72 मतांचा. एकाच माणसाला कितीही वेळा फोन करता येत होता. कोणीतरी संगणकाला तासन्‌तास नंबर फिरवायला लावलं होतं, असं ओ’नील यांच्या कानावर आलं. ते कधी सिद्ध झालं नाही. पुढच्या अंकात ढिगाऱ्यातून पोराचा देह उचलून चालणारा बॅटमन छापला गेला.

एकाच लेखकाच्या हातून सहा वर्षांच्या अंतरानं आलेले हे दोन मृत्यू मला शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. पहिल्यात वाचक उशाशी बसला. दुसऱ्यात त्याच्या हातात कळ दिली गेली. पहिल्यातून उरलं दुःख. दुसऱ्यातून उरली हुरहूर, आणि काहींच्या मनात अपराधाची सल. ती किती टिकली याचा पुरावा स्वतः प्रकाशकानंच दिला आहे. 2005 मध्ये जड विनिक यांच्या कथेत जेसन ‘रेड हूड’ होऊन परतला आणि त्याची मुख्य तक्रार अशी, की मला मारणारा जोकर अजून जिवंत का? ती तक्रार बॅटमनकडे आहे, पण रोख पुस्तकाबाहेरच्या वाचकाकडेही जातो. 2020 मध्ये याच कथेवर एक अॅनिमेशनपट निघाला, त्यात जेसनचं काय व्हावं हे प्रेक्षकानं पुन्हा निवडायचं होतं. 2023 मध्ये तर न छापलेला दुसरा शेवट घेऊन 428 वा अंक नव्यानं काढला गेला: रॉबिन जगतो! पस्तीस वर्षांनी मत बदलण्याची सोय. ज्या मरणावर वाचकाची सही आहे, ते मरण त्याला सुखानं बसू देत नाही.

*

खपाच्या हिशेबात सगळ्यात मोठा मृत्यू सुपरमॅनचा. 18 नोव्हेंबर 1992 रोजी ‘सुपरमॅन’चा 75 वा अंक दुकानांत आला. डूम्सडे नावाच्या राक्षसाशी मारामारी करत दोघेही मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर मरतात. लेखक-चित्रकार डॅन जर्गन्स यांनी या अंकात प्रत्येक पानावर एकच चित्र ठेवलं. आधीच्या भागांत पानागणिक चार, मग तीन, मग दोन अशा चौकटी उतरत आल्या होत्या, जणू श्वास मोजले जाताहेत. कथनाची ती कसरत आजही अभ्यासण्याजोगी आहे.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती पिशवी. विशेष आवृत्ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद होती, वर रक्त ठिबकणारा ‘एस’. आत अंकासोबत दंडाला बांधायची काळी पट्टी आणि कथेतल्या ‘डेली प्लॅनेट’ या वर्तमानपत्राचा मृत्युलेख. दुकानांबाहेर रांगा लागल्या. सगळ्या आवृत्त्या मिळून साठ लाखांच्या घरात प्रती खपल्या असं सांगितलं जातं. उद्या सोन्याचा भाव येईल म्हणून कित्येकांनी एकाहून अधिक प्रती घेतल्या आणि पिशवी फोडलीच नाही. सुतकाचं सामान विकत घेतलं आणि मृताचं तोंडही पाहिलं नाही. भाव अर्थातच आला नाही, कारण ज्या वस्तूच्या लाखो प्रती जपून ठेवल्या आहेत ती दुर्मीळ कशी होणार? 1993 मध्ये सुपरमॅन परतला. त्याच सुमारास कॉमिक्सच्या बाजारातल्या तेजीचा फुगा फुटला, अमेरिकेतली कितीतरी कॉमिक्सची दुकानं बंद पडली आणि 1996 मध्ये मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला. या पडझडीला एकटा सुपरमॅन कारणीभूत नव्हता, पण वाचकाचा विश्वास उडण्याची सुरुवात त्या काळ्या पिशवीपासून झाली असं अनेक जाणकार मानतात.

कॉमिक्सच्या वाचकांत एक म्हण चालायची: कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी, जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचे काका अंकल बेन सोडून इथं कोणी कायमचं मरत नाही. 2005 साली बकी आणि जेसन दोघेही परतले आणि म्हणीत एकटे अंकल बेन उरले.

म्हणून मार्च 2007 मध्ये न्यायालयाच्या पायऱ्यांवर कॅप्टन अमेरिकाला गोळ्या लागल्या, तेव्हा वाचक शोक करतानाच परतीची तारीखही मोजत होते. तरी त्यातही काही खरं होतं. त्याचा एक जनक, 93 वर्षांचा जो सायमन, तेव्हा हयात होता. त्याची आत्ता फार गरज असताना तो गेला, अशा अर्थाची हळहळ त्यानं व्यक्त केली. त्या मृत्यूनंतर शोकाच्या पाच अवस्थांवर पाच अंकांची मालिका निघाली, ती जेफ लोब यांनी लिहिली. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा 2005 मध्ये कॅन्सरनं गेला होता. परत येणाऱ्या नायकाच्या निमित्तानं परत न येणाऱ्या माणसासाठी लिहिलेली ती पानं वाचकांनी वेगळी ओळखली.

*

शोक खरा असला तर तो पुस्तकात मावत नाही, हे जपानमध्ये त्याआधीच दिसलं होतं. ‘आशिता नो जो’ या मुष्टियुद्धावरच्या मांगामध्ये रिकिइशी तोरू हा नायकाचा प्रतिस्पर्धी. चित्रकार तेत्सुया चिबा यांनी तो आधी फारच थोराड काढला होता. नायकाशी एकाच वजनगटात लढायचं तर त्याला वजन उतरवणं भाग होतं. त्यानं तहानभूक मारून देह झिजवला, सामना जिंकला आणि तो मेला. 24 मार्च 1970 रोजी टोकियोत कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी आणि नाटककार शूजी तेरायामा यांनी पुढाकार घेतला, सुमारे 700 लोक आले. रिकिइशी अतिमानवी नव्हता, पण त्याच्या वाचकांनी जे केलं ते सुपरहिरोंच्या वाचकांनाही हवं असतं. गेलेल्याला गेलेला म्हणण्याची मुभा.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटू नये. 1964 पासून 1990 पर्यंत निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सनं ली फॉकचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, इथल्या दोन पिढ्यांना दिला. जंगलातले लोक त्याला अमर समजतात. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असतं: हा एकविसावा. आधीचे वीस मेले, कवटीच्या गुहेत त्यांची दफनं आहेत आणि प्रत्येक मुलानं बापाच्या पश्चात कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आहे. मुखवटा राहतो, माणसं जातात, हे दहा वर्षांच्या पोराला वेताळानं शिकवलं. आणि थोडं मोठं झाल्यावर ‘स्वामी’तले माधवराव पेशवे थेऊरला क्षयानं जातात, तेही अंथरुणात. शेवट इतिहासात लिहिलेला असूनही ती कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली जाते. शेवट ठाऊक असणं वाचनाच्या आड येत नाही. फसवणूक येते.

*

कॅप्टन मार्व्हल हे नाव पुढे चालू राहिलं. 1982 मध्येच मोनिका रॅम्बोनं ते घेतलं, 2012 पासून ते कॅरोल डॅन्व्हर्सकडे आहे. मार-व्हेलच्या परतीच्या हुलीही उठल्या. 2007 मध्ये तो खरोखर आल्यासारखा दिसला, पण तो त्याचं रूप घेतलेला स्क्रल निघाला. 2019 च्या सिनेमात मार-व्हेल एक शास्त्रज्ञ स्त्री झाली आणि तिथंही ती कथेपूर्वीच मरून गेलेली होती. क्षणभराचे भास, दर्शनं आणि अल्पजीवी पुनरागमनं सोडली, तर टायटनवरची ती खोली कोणी मोडली नाही.

मला हा प्रकाशकाचा मोठेपणा वाटतो आणि वाचकांचा त्याहून मोठा. एरवी आवडता नायक परत द्या म्हणून पत्रं लिहिणाऱ्या या लोकांनी इथं उलटी अपेक्षा धरली आहे: याला परत आणू नका. आणलात तर त्या पुस्तकाच्या आधारानं ज्यानं आपल्या माणसाला निरोप दिला, त्याचा निरोप खोटा ठरेल. वाचकाची निष्ठा म्हणजे नायकाच्या विजयाचा हट्ट, असं आपण समजतो. मार-व्हेलच्या वाचकांची निष्ठा त्याच्या हरण्यावर आहे. जो रोग रोज खऱ्या घरांमधून माणसं नेतो, त्याच्यापुढे त्यांचा नायक हरला, आणि त्या घरांची लाज राखायची तर त्यानं हरलेलंच राहिलं पाहिजे, हे त्यांनी चाळीस वर्षं धरून ठेवलं आहे.